कल्याणची लेक आणि तिची अमेरिकेतील मावशी



मला लिहिण्याची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. भिशीचा हिशेब आणि वाण्याची यादी, एवढेच माझे लेखन. तरी या वर्धापनदिनाला दोन पाने लिहिण्याचे कबूल केले, याला कारण घरातच घडले. माझी थोरली मुलगी गेल्या वर्षी परिचारिकेच्या कामासाठी जर्मनीला गेली. फोनवर रोज दिसते, रोज बरी आहे म्हणते आणि फोन ठेवते. तिच्या त्या बरे असण्यावर माझा विश्वास बसेना. त्याच सुमारास मंडळाच्या वाचनालयातून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र घरी आणले आणि ते दोनदा वाचले. श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल, २०१९ चा चित्रपटही पाहिला असेल. कादंबरी ती कादंबरीच. काशीबाई कानिटकरांनी त्याच काळात लिहिलेले चरित्र वाचले की बाई जवळची वाटू लागते.

आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. त्या वयात आमच्या मुली शाळेच्या सहलीला जातात. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, हे त्या पोरवयाच्या आईच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरांना दुखणे दाखविण्यापेक्षा बायका मरण पत्करीत, असा तो काळ.

गोपाळरावांना बायकोला शिकविण्याचा ध्यास होता. ध्यास चांगला, पण रीत भयंकर. लाकडाने मारणे, खुर्ची फेकणे, टाकून देण्याची धमकी, हे सारे त्या मुलीने सोसले. कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या. मुंबईत पायांत बूट आणि हातात पुस्तके घेऊन शाळेला निघाली की लोक खिडक्यांतून डोकावत, हसत, थुंकतही. पुढे बंगालात नवराबायको रस्त्याने बरोबर चालतात याचाच लोकांना अचंबा. मला यात एक गोष्ट दिसली. परका मुलूख, परकी नजर यांची ओळख तिला अमेरिकेत झालीच नाही, ती इथेच झाली होती. आपल्याच माणसांत ती आधी परकी ठरली होती.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिले होते. धर्म बदलल्याशिवाय मदत मिळण्याची चिन्हे नव्हती, आणि धर्म बदलायचा नव्हता. परंतु तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेला अंक त्यांनी सहज चाळला आणि त्यात हे वाचले. कोण कुठली पंधरा वर्षांची मुलगी! पण बाईंनी पत्र घातले. उत्तर गेले. मग तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. एकमेकींना पाहिलेले नाही, आणि इकडची इंग्रजी तर नवऱ्याच्या माराखाली शिकलेली. त्या इंग्रजीतून तिने आपले सण, लग्ने, बायकांची स्थिती त्यांना समजावून सांगितली. आणि त्यांना ती मावशी मानू लागली. इंग्रजीत काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्यांना एकच शब्द आहे. तिने त्यातून नेमकी मावशी निवडली, आईची बहीण, हे मला फार गोड वाटले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे! आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे भरसभेत कबूल केले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनच्या बायका, आणि त्यांचा धर्म बदलण्याविषयीचा आग्रह. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

तो पहिला उन्हाळा मावशींच्या घरी सुखाचा गेला. आनंदीबाईंनी त्या घरी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक रांधून पाहुण्यांना जेवू घातले. परक्या घरात आपण नुसते घेत राहिलो तर मन दबून जाते. आपल्या हातचे काही वाढले की पाय जमिनीला लागतात. लग्न होऊन सासरी आलेल्या कोणत्याही मुलीला हे ठाऊक आहे.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यावर मात्र दिवस कठीण आले. प्राचार्या रेचल बॉडली यांची माया होती, शिष्यवृत्तीही मिळाली. पण राहायच्या खोलीतली शेकोटी धूर ओकायची. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. शाकाहार सोडायचा नव्हता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत, थंडीही लागे आणि तिकडच्या लोकांच्या नजरेला ते बरे दिसेना. म्हणून ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. देश सोडला नाही, फक्त नेसण सोडली! पण एवढ्यावरही इकडून नवऱ्याची टोचणी येई. पत्र पोचायला महिन्याहून अधिक लागे. रागाचे पत्र आले की उत्तर जाऊन समजूत पटेपर्यंत अडीच-तीन महिने काळीज जळत राहायचे. माझी मुलगी दोन तास फोन उचलत नाही तर मी येरझाऱ्या घालते.

मला वाटते, सातासमुद्रापलीकडे गेल्यावरच तिला नवऱ्याशी बोलता आले. लहानपणी झालेल्या माराबद्दल तिने तिथूनच त्यांना लिहिले. ती वागणूक बरी की वाईट असा प्रश्न स्वतःच मांडला आणि दोन्ही, असेच काहीसे उत्तर दिले. एका छपराखाली असताना हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसते.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र आहे. त्यात तिघीजणी बसल्या आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी त्याच महाविद्यालयात, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. परकेपणा तिघींचा सारखाच, म्हणून कदाचित तिथे तो थोडा कमी झाला असेल.

गोपाळराव पुढे स्वतः अमेरिकेला गेले आणि व्याख्यानांतून त्याच लोकांवर टीका करू लागले. ज्यांच्या घरी बायको जेवली त्यांच्याच तोंडावर! त्या बिचारीची काय अवस्था झाली असेल, ते आपण बायकांनी समजून घ्यावे.

११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र; म्हणजे परक्यांची विद्या शिकतानाच आपल्याकडचे ज्ञान तिने त्यांच्यासमोर ठेवले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही झाली. पण त्या थंडीने, उपासमारीने क्षय जडला होता. १८८६ च्या अखेरीस ती परत आली, ती अंथरुणाला खिळण्यासाठीच. कोल्हापूरच्या कामावर रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने देह ठेवला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

हे वाचून झाल्यावर मी मुलीला बरी आहेस का, हे विचारणे सोडले. त्याऐवजी आज जेवलीस काय, खोलीत ऊब आहे का, कोणाशी बोललीस, असे विचारू लागले. तिसऱ्या दिवशी ती रडली. तीन आठवडे पाव आणि चीज खाऊन काढले होते. रुग्ण म्हातारे भरभर बोलतात, समजत नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटते, हेही तेव्हा कळले. आता आम्ही दोघी फोनवर खिचडी शिजवतो, ती तिकडे आणि मी इकडे.

आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेला पाठविण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवली. कल्याणची ही लेक अजून तिथेच, मावशीच्या माणसांत आहे.