गोळेश्वर ते हेलसिंकी

हॉस्टेलवर कुणालाही झोपेतून उठवून विचारा, युव्हेंटस क्लब कुणी काढला? १८९७ साली तुरीनमधल्या शाळकरी पोरांनी, असं उत्तर लगेच येईल. २००६ मध्ये मॅच फिक्सिंगच्या भानगडीत त्यांची दोन विजेतेपदं कशी गेली आणि टीम खालच्या डिव्हिजनमध्ये कशी ढकलली गेली, हेही तोंडपाठ. मालदिनी मिलानकडून किती वर्षं खेळला यावर तर मेसमध्ये पैजा लागतात. लागू देत! खेळाचं वेड असणं चांगलंच. पण मित्रांनो, त्याच मेसमध्ये आणखी एक प्रश्न टाकून बघा. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं? निम्मे जण लिअँडर पेस म्हणतील. उरलेल्यांपैकी काहींना खाशाबा जाधव हे नाव आठवेल, पण नावाच्या पुढे गाडी जात नाही. आणि तो माणूस तर आपल्या कराडच्या अगदी शेजारचा, गोळेश्वरचा!

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. कुस्तीचा पहिला वस्ताद घरातच मिळाला. आपल्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात तेव्हा गावोगाव तालमी होत्या. पहाटे उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौदातली लाल माती उकरायची आणि वस्तादानं सोडलेल्या जोडीशी लढायचं. जत्रेच्या फडात कुस्ती मारली की नारळ, फेटा आणि इनाम. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामात हा शाळकरी पोरगाही होता. पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कुस्तीच्या पंढरीत आल्यावर खेळाला धार चढली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं.

खाशाबा अंगानं धिप्पाड नव्हते. पैलवान म्हटलं की जो हत्तीसारखा देह डोळ्यांपुढे येतो, तसं काहीच नाही. त्यांची ताकद होती चपळाईत आणि डावात. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान बगलेत पकडायची, कंबर त्याच्या खाली घालायची आणि त्याचंच वजन वापरून त्याला फिरवून आपटायचं. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण गुरुत्वमध्य आणि मोमेंट शिकतो ना, ते सगळं या एका डावात आहे. फरक इतकाच, की आपल्याला गणित सोडवायला तीन तास मिळतात, त्यांना अर्धा सेकंद मिळायचा.

१९४८ चं लंडन ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं खाशाबा तिथे पोचले आणि पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय मॅटवर उतरले. आता माती आणि मॅट यातला फरक समजून घेतला पाहिजे. मातीत अनवाणी लढायचं, मॅटवर पायात बूट. मातीतली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालते, घड्याळ कुणी बघत नाही. चितपट झाला की संपलं, नाही तर चालू द्या! मॅटवर मात्र वेळ ठरलेली आणि पंच गुण मोजणार. म्हणजे गल्लीत टेनिस बॉलनं खेळणाऱ्याला एकदम लॉर्ड्सवर उभं करायचं आणि नियमही तिथेच सांगायचे, असा प्रकार. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे थोडंफार शिकवलं, तेवढीच तयारी. तरीही ५२ किलोच्या फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि सहावे आले. सहावा नंबर म्हणजे काही कमी नव्हे. पण त्यांना तो पुरला नाही. परत आल्यावर त्यांनी सराव दुप्पट केला आणि मॅटवरच्या नियमांना धरून डाव बसवायला सुरुवात केली.

चार वर्षांनी हेलसिंकी. इथून खरी कुस्ती सुरू होते, आणि ती आधी आखाड्याबाहेर. संघनिवडीत आपल्यावर अन्याय झाला, वशिला चालला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली, खाशाबांनी कुस्ती मारली आणि नाव लागलं. मग दुसरा पेच, पैसा! संघात नाव आलं तरी जायचा खर्च कोण करणार? सरकारदरबारी खेटे घातले, पण हाती आलं ते पुरेसं नव्हतं. खाशाबा कराडच्या दुकानांतून वर्गणी मागत हिंडले. गावकऱ्यांनी जमेल तसं दिलं. तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. १९५२ सालचे ७ हजार! विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारे प्रिन्सिपल. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मगच पुढे चला.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. पुढची गाठ जपानच्या शोहाची इशीशी. हा गडी मूळचा ज्युडोतला, पकड पोलादी. पंधरा मिनिटांची ती कुस्ती चांगलीच रंगली आणि इशीनं ती थोडक्यात जिंकली. पुढे त्यालाच सुवर्ण मिळालं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण, यावरून त्या कुस्तीचा दर्जा कळतो.

यानंतर जे झालं त्याची चर्चा आजही आपल्याकडच्या तालमींत होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान तीस मिनिटांची विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण इशीशी लढून घामाघूम झालेल्या खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. नियमावर बोट ठेवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेला पैलवान मॅटवर गेला आणि हरला. मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

ती अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का? नक्की सांगता येणार नाही. मामेदबेकोव्हही काही साधा मल्ल नव्हता. पण मुद्दा तो नाहीच. गावानं पैसे दिले, प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, पैलवानानं चार वर्षं रक्त आटवलं, आणि ऐन वेळी नियम माहीत असलेला एक माणूस बाजूला उभा नव्हता. एवढ्या मोठ्या मशिनमध्ये एका बोल्टाची कमतरता! त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरकडचे केशव मांगवे फेदरवेट गटात चौथे आले, हेही फार कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे एकाच ऑलिंपिकमध्ये या मातीतली दोन पदकं थोडक्यात जवळ आली होती.

देशानं त्या वर्षी हॉकीच्या सुवर्णाचा जल्लोष केला. कुस्तीचं कांस्य दिल्ली-मुंबईत फारसं कुणाच्या गावी नव्हतं. पण कराडला होतं! शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांत कापायच्या अंतराला सात तास लागले म्हणे. सत्कार आटोपले आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डीकर सरांचं घर सोडवलं. मला विचाराल तर ही कुस्ती हेलसिंकीपेक्षा तसूभरही कमी नाही.

१९५५ मध्ये ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जायची इच्छा होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनं घात केला. पुढची वर्षं नोकरीत आणि नव्या पोरांना शिकवण्यात गेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेतलं, तेवढीच काय ती आठवण. सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय अवघं ५८.

मानसन्मान आले ते माणूस गेल्यावर. मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार, मग अर्जुन. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२४ पासून १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झाला. पद्म पुरस्कारासाठी मात्र घरच्यांना आणि गावाला वर्षानुवर्षं अर्जविनंत्या कराव्या लागल्या. १९५२ नंतरचं पुढचं वैयक्तिक पदक आलं १९९६ मध्ये, पेसचं. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये, सुशील कुमारचं. म्हणजे कुस्तीला ५६ वर्षं वाट बघावी लागली!

या ५६ वर्षांत आपल्या भागात पैलवान नव्हते असं थोडंच आहे? सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. रग होती, डाव होते, खुराक होता. कमी होती ती मॅटची, फिजिओची, नियम जाणणाऱ्या मॅनेजरची आणि वेळेवर मिळणाऱ्या चार पैशांची. युव्हेंटस काय किंवा मिलान काय, त्यांच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षं उभी असलेली यंत्रणा असते. खाशाबांच्या मागे एक गाव, एक महाराज आणि एक प्रिन्सिपल होते.

आपण उद्याचे इंजिनिअर. सगळ्यांना काही शड्डू ठोकता येणार नाही. पण मॅटच्या बाजूला नियमांचं पुस्तक घेऊन उभा राहणारा तो एक माणूस आपल्यापैकी कुणीही होऊ शकतो. हेलसिंकीत नेमकी तीच जागा रिकामी होती.