बाबासाहेबांनी कोलंबियात जातीचे कुलूप कुठे शोधले?

१४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी गावोगावच्या बॅनरवर झळकते. पण त्या पदव्या मिळवताना त्यांनी नेमका कशाचा अभ्यास केला, हे आपल्यापैकी किती तरुणांना सांगता येईल?

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, ही अट होती. जुलै १९१३ मध्ये २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तिथून वडिलांच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला.

कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. पण ते एका विषयात अडकले नाहीत. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकत असताना ते जॉन ड्युई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसले आणि गोल्डनवायझर यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकले.

गोल्डनवायझर यांच्याच चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या सक्तीमुळे, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. गटाची दारे बंद ठेवायची तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा मेला की मागे राहिलेली स्त्री त्या बंद गटाला धोका वाटते. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. म्हणजे जातीचे कुलूप स्त्रीच्या आयुष्यावर लावलेले आहे, हे त्यांनी तर्काने मांडले. रंग आणि वंशाच्या आधारे जातीचे मूळ सांगणाऱ्या युरोपीय अभ्यासकांचे म्हणणे त्यांनी खोडून काढले. भारतीय लोक वंशाने मिश्र असले तरी त्यांच्यात सांस्कृतिक एकता आहे आणि त्याच एका समाजाचे जातीने तुकडे केले, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

विद्यापीठाशेजारीच हार्लेम होते. त्या वर्षांत तिथे कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न बाबासाहेब पुढेही अभ्यासत राहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले.

शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये त्यांना लंडनहून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना हुसकावले. परदेशातली पदवी जातीपुढे चालली नाही.

तरीही त्या निबंधातला विचार त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी ठरवले. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्री, वंश आणि राष्ट्र हे त्यांच्यासाठी तीन वेगळे विषय कधीच नव्हते.

आता प्रश्न आपल्यासाठी आहे. आपण बुद्धवंदना म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतो. मग मुलीचे लग्न ठरवताना हळूच पोटजात का विचारतो? मुलीने स्वतः जोडीदार निवडला की घरात सुतक का पडते? २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९१६ मध्ये जातीचे कुलूप कुठे आहे ते दाखवून दिले. ते आपल्याच दाराला लागलेले असेल, तर उघडायचे कोणी?

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने हा निबंध एकदा तरी वाचावा. आणि वाचून झाल्यावर घरात त्यावर बोलावे.

जय भीम!