हंडी कोणी घडवली?



आजचं वाचन ग्रामगीतेतल्या 'जीवन शिक्षण' या अध्यायाचं. वाचताना सारखं कौंडण्यपूर आठवत होतं.

कार्तिक यात्रेला गेलो होतो. रुक्मिणीमातेचं माहेर, खाली वर्धा नदी, आणि दहीहंडीला ही गर्दी! हंडी फुटली, सगळे जयघोषात. पण त्याच सकाळी एका कुंभारकाकांकडून मडकं घेताना मी दहा रुपयांसाठी घासाघीस केली होती. बोलता बोलता काका म्हणाले, की काठीनं चाक फिरवून खांदा जातो, हाती काही उरत नाही, म्हणून पोरगा चाकाला हात लावत नाही. दहा रुपये मात्र त्यांनी सोडले. मी तेव्हा खूश झालो. आज तेच टोचतंय.

याच वऱ्हाडात 30 एप्रिल 1909 ला यावलीच्या एका गरीब घरात माणिक जन्मला. शाळा लवकरच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला जवळ केलं आणि माणिकचा तुकड्या झाला. पुढे खंजिरी हातात आली. आपण ज्यांना राष्ट्रसंत म्हणतो ते तुकडोजी महाराज हेच.

1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. कौंडण्यपूर आणि मोझरी, दोन्ही एकाच तिवसा तालुक्यात. 1936 मध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला जाऊन राहिले. जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम तेव्हा जोरात होतं. सुधारलेली तेलघाणी, हातकागद, खेड्यात जाणाऱ्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण. कारागिराला दया नको, बरं अवजार आणि नीट शिक्षण हवं, हा विचार त्या हवेतच होता. 1942 च्या आंदोलनात महाराजांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर पुन्हा गावोगाव भजनं, श्रमदान, सामुदायिक प्रार्थना.

1955 च्या सुमारास आलेल्या ग्रामगीतेत हे सगळं उतरलं. 41 अध्यायांच्या या ग्रंथात देवदर्शन आहे, तशी ग्रामशुद्धी आहे, 'श्रम-संपत्ती' आहे, ग्राम-निर्माणाची कलाही आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या अध्यायाचा गाभा असा: जे शिक्षण हाताला काम देत नाही आणि शिकलेल्याला गावापासून तोडतं, ते अपुरं. उद्योग आणि विद्या सोबत चालल्या पाहिजेत. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले, पण हा प्रश्न आपल्यासमोर तसाच ठेवून गेले.

मी इंजिनीअर माणूस. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी मला नवा लॅपटॉप देते, नवीन काही शिकायचं तर कोर्सचे पैसेही भरते. कोणी त्याला उपकार म्हणत नाही. मग काकांच्या वाट्याला काठीनं फिरवायचं चाकच का?

खरं तर उपाय आहे. विजेवरच्या चाकाला काठी लागत नाही, वेग हवा तसा ठेवता येतो, खांदा वाचतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 पासून सुरू आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि असं चाक, दोन्ही मिळतं. पण योजनेची माहिती नि अर्ज काकांच्या अंगणापर्यंत कोण नेणार?

म्हणून आजचा संकल्प साधा. एक, घडवणाऱ्या हाताशी भाव करायचा नाही. दोन, पुढच्या सुट्टीत कौंडण्यपूरला दर्शन झालं की काकांच्या पोराशेजारी बसून तो अर्ज भरायचा. त्याला नको असेल तर तेही ऐकून घ्यायचं. त्याचं आयुष्य आहे.

तुमच्या गावचा कुंभार, सुतार, बुरूड आज कोणत्या अवजारानं काम करतो? एकदा विचारून बघा. मलाही कळवा.

जय गुरु!