मॅक्डॉवेल : गुरूचा विचार, शिष्याचे धाडस

अंडाशयाची गाठ म्हणजे संथ पावलांनी येणारा मृत्यू, असे अठराव्या शतकातील वैद्यक मानीत असे. व्हर्जिनियात १७७१ साली जन्मलेले एफ्राइम मॅक्डॉवेल १७९३ मध्ये एडिंबरोला गेले. तेथे शल्यविशारद जॉन बेल यांच्या वर्गात ही गाठ काढता येईल, हा विचार त्यांच्या मनात रुजला. पदवी न घेताच ते परतले आणि केंटकीतील डॅनव्हिल या आडगावी स्थिरावले.

डिसेंबर १८०९. जेन टॉड क्रॉफर्ड या ४६ वर्षांच्या बाईंचे दिवस भरून गेले आहेत, असाच सर्वांचा समज होता. मॅक्डॉवेल यांनी गाठ ओळखली आणि जिवाचा धोका स्पष्ट सांगितला. तरीही त्या सुमारे ६० मैल घोड्यावरून डॅनव्हिलला आल्या. बेशुद्ध करण्याचे औषध तेव्हा नव्हते. ईथर आले ते १८४६ मध्ये! डॉक्टरांच्या घरी, पुतणे जेम्स यांच्या मदतीने शस्त्रक्रिया झाली. बाई बायबलमधील स्तोत्रे म्हणत राहिल्या. पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी डॉक्टर गेले, तर त्या स्वतःचे अंथरूण आवरीत होत्या! त्या १८४२ पर्यंत जगल्या.

१८१७ मध्ये मॅक्डॉवेल यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया. त्यांची नावे इतिहासाने क्रॉफर्डबाईंसारखी जपली नाहीत. लंडनच्या जेम्स जॉन्सन या संपादकाने या हकीकतीची टर उडविली, मात्र पुढे क्षमाही मागितली. मॅक्डॉवेल १८३० मध्ये निवर्तले.