जॅक हॉब्ज

इंग्लंडातील केंब्रिज हे गाव तेथील विद्यापीठामुळे जगप्रसिद्ध आहे. या गावी १६ डिसेंबर १८८२ रोजी जॅक हॉब्जचा जन्म झाला. बारा भावंडांत तो थोरला. त्याचे वडील जीझस कॉलेजच्या क्रिकेट-मैदानाची देखभाल करीत. त्या हिरव्यागार मैदानावर श्रीमंतांची मुले खेळत. जॅक खेळे तो कॉलेजातील नोकरमाणसांबरोबर, खडीच्या जमिनीवर. बॅटीऐवजी हाती एक यष्टी, चेंडू टेनिसचा आणि टेनिसच्या जाळ्याचा खांब हीच विकेट! खडीवर पडलेला चेंडू कोठे वळेल याचा नेम नसे. तो बारीकशा काठीने टोलवायचा म्हणजे नजर तीक्ष्ण हवी आणि पाऊल चपळ हवे. जॅकचे खरे शिक्षण झाले ते येथेच.

१९०२ साली वडील वारले. घरात एवढी भावंडे, आणि मिळवते हात थोडे. इंग्लंडात काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग असतात आणि त्यांचे संघ आपसांत सामने खेळतात. अशा संघात पगारी खेळाडू म्हणून शिरावे अशी जॅकची इच्छा होती. एसेक्स काउंटीने त्याचा खेळ पाहण्याचेही नाकारले. परंतु सरे काउंटीचा नामांकित फलंदाज टॉम हेवर्ड हा केंब्रिजचाच. त्याच्या शिफारशीने १९०३ साली सरेने जॅकला जवळ केले. तरी नियमाप्रमाणे दोन वर्षे त्या काउंटीत वास्तव्य केल्याखेरीज त्याला मुख्य संघातून खेळता येईना.

१९०५ साली तो मैदानात उतरला. पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाचा नायक होता डब्ल्यू. जी. ग्रेस, क्रिकेटचा भीष्माचार्यच म्हणाना! हॉब्जने दुसऱ्या डावात ८८ धावा काढल्या. पुढचा सामना होता एसेक्सशी. त्यात त्याने १५५ धावा केल्या. ज्यांनी त्याला दारातूनच परत लावले होते, त्यांना मिळालेले हे उत्तर पुरेसे बोलके होते.

लवकरच तो इंग्लंडतर्फे कसोटी सामने खेळू लागला. मग १९१४ साली महायुद्ध भडकले आणि ऐन उमेदीची चार वर्षे काउंटी सामने बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा हॉब्ज छत्तीस वर्षांचा होता. या वयात पुष्कळ खेळाडू बॅट खाली ठेवतात. हॉब्जची निम्मी शतके मात्र वयाच्या चाळिशीनंतरची आहेत!

ग्रेसच्या नावावर १२६ शतके होती. १९२५ च्या जुलैत हॉब्जची १२५ पुरी झाली. आता एकच हवे होते, आणि तेच हुलकावणी देऊ लागले. वार्ताहर आणि छायाचित्रकार मैदानामागून मैदाने त्याचा पाठलाग करू लागले. आठवड्यामागून आठवडे गेले. अखेर टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध शनिवारचा खेळ थांबला तेव्हा तो ९१ धावांवर नाबाद होता. दुसरा दिवस रविवारचा, म्हणजे विश्रांतीचा. नऊ धावांसाठी सारे इंग्लंड एक दिवस ताटकळले! सोमवारी त्याने शतक पुरे करून ग्रेसची बरोबरी साधली आणि मंगळवारी दुसऱ्या डावात आणखी एक शतक ठोकून त्यालाही मागे टाकले.

पुढल्याच वर्षी लंडनमधील ओव्हल मैदानावर, पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर चेंडू वेडावाकडा उडत असता, सटक्लिफसह त्याने १७२ धावांची सलामी दिली आणि ऑस्ट्रेलियाला हरवण्यात मोठा वाटा उचलला. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या धावा बरोबर १०० होत्या.

सर्वसाधारण गणनेप्रमाणे त्याची एकूण शतके १९७. १९५३ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २१ डिसेंबर १९६३ रोजी तो निवर्तला.

हॉब्जच्या काळी हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू यांत मोठा भेद मानीत. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि कित्येक ठिकाणी मैदानात जाण्याच्या वाटाही वेगळ्या असत. सरेचा पगारी खेळाडू असलेल्या हॉब्जचे नाव ओव्हल मैदानाच्या प्रवेशद्वाराला १९३४ साली देण्यात आले. ते पाहण्यास तो स्वतः हयात होता.