डंबेल्स, दम आणि औंधचे पंत

महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की बिरवाडीच्या रस्त्यावर घटकाभर गर्दी होते. कुणी बस गाठतो, कुणी मोटारसायकलला किक मारतो, आणि काही तरुण मंडळी घरी जाण्याआधी व्यायामशाळेची वाट धरतात. हाताशी वेळ जेमतेम तासाभराचा. त्या तासात वजने उचलायची की धावायचे, हा वाद कुठल्याही व्यायामशाळेत नेहमीचाच. दंड आणि छाती भरायची असेल तर धावू नकोस, कमावलेले सगळे वितळून जाईल, असे एक जण छातीठोकपणे सांगतो. दुसऱ्याच्या घरात हृदयविकार असतो. त्याला डॉक्टरांनी दम वाढव, रोज भरभर चाल असे बजावलेले असते. दोन्ही एकाच तासात केले तर चालेल का? की एकाच्या पायी दुसऱ्याचे नुकसान होईल?

गंमत अशी की, या मुलखाला पूर्वी हा प्रश्न पडायचे कारणच नव्हते. रायगडावर रज्जुमार्ग झाला १९९६ साली. त्याआधी गडावर जायचे ते चौदाशेवर पायऱ्या चढून, आणि दूध असो की शिधा, ओझे डोक्यावर नाहीतर पाठीवर घेऊन. डोक्यावर वजन आणि पायाखाली चढ. ताकद आणि दम यांची फारकत तिथे कोण करणार? ओझे यंत्राने उचलले आणि चढ मोटारीने पार केला, तेव्हा कुठे माणसाला व्यायाम वेगळा करावा लागला. मग त्याचेही दोन तुकडे झाले.

या दोन तुकड्यांचा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून केला होता. तो पहिलवान नव्हता, वैद्यही नव्हता. तो होता एका लहानशा संस्थानाचा राजा. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

महाडहून पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर करीत साताऱ्याला उतरावे आणि रहिमतपूरमार्गे पुढे जावे, म्हणजे औंध येते. तसे पाहिले तर त्या घराण्याच्या पदाचा धागा रायगडापर्यंत पोचतो. १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि पुढे दूर दक्षिणेत जिंजीला पोचले. तिथे राज्याचा कारभार चालविण्यासाठी प्रतिनिधी हे पद निर्माण झाले. ते पुढे परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्याच वंशात राहिले. भवानराव हे त्या वंशातले. त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. वडील श्रीनिवासराव संस्थानाचे अधिपती होते. भवानराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी. ए. झाले आणि वडिलांच्या हाताखाली कारभार पाहू लागले.

त्या काळी जगभर एका नावाचा डंका वाजत होता. ते नाव म्हणजे युजेन सँडो. १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला हा मल्ल भवानरावांपेक्षा वर्षभरानेच मोठा. त्याने देहाचे प्रदर्शन हीच एक कला केली होती. त्याची पुस्तके, त्याचे डंबेल्स, त्याची ताणायची उपकरणे टपालाने देशोदेशी जात. १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला. पण भवानरावांना त्याची मोहिनी पडली ती त्याआधीच. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची पुस्तके आणि साहित्य मागविले आणि पुढची दहाएक वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. आज एखादा मुलगा परदेशी पहिलवानाचे चित्र भिंतीवर लावून डंबेल्स उचलतो, त्यात आणि या राजपुत्रात मुळीच फरक नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पुढे ज्यांचे नाव सूर्यनमस्काराशी कायमचे जोडले गेले, ते पंत मुळात वजनेवाले होते.

मग बदल का झाला? १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने त्यांनी नमस्कार घालायला सुरुवात केली. नमस्कार काही नवे नव्हते. महाडजवळच्या शिवथर घळीत समर्थांनी दासबोध सांगितला असे परंपरा मानते, आणि त्याच समर्थांच्या नावाशी नमस्कारांची आणि मारुतीच्या उपासनेची आठवणही जोडलेली आहे. घरोघरी मुंजीनंतर मुलगा चार नमस्कार घाली. पण ते धर्मकृत्य म्हणून, बहुधा सावकाश आणि थोडक्यात. पंतांनी त्याच्याकडे व्यायाम म्हणून पाहिले. त्यांनी त्यातल्या दहा अवस्था ठरविल्या, कुठे श्वास घ्यायचा, कुठे सोडायचा हे बांधून दिले, मंत्रांची जोड कायम ठेवली आणि संख्या वाढवीत नेली. त्यांचे रोजचे नमस्कार शेकड्यांनी मोजावे लागत.

इथेच त्यांच्या विचारातली खुबी आहे. एक नमस्कार घातला तर तो वाकण्या-ताणण्याचा प्रकार. पंचवीस नमस्कार घाला, की दोन्ही हातांवर शरीराचा भार पुनःपुन्हा येतो. छाती, खांदे, दंड, पोट, मांड्या सगळ्यांना काम लागते. तो डंबेल्सचा भाग झाला. तेच नमस्कार न थांबता, गती राखून घालत राहा, की छातीचा भाता हलू लागतो, नाडी चढते, कपाळावर घाम येतो. तो धावण्याचा भाग झाला. एकाच क्रियेत वजनही आले आणि दमही आला, आणि वजन कुठून विकत आणायचे नाही. ते ज्याचे त्याच्यापाशीच असते. सँडोच्या पद्धतीला उपकरणे लागतात आणि तिने भर पडते ती मुख्यतः स्नायूंत. नमस्कारांनी आतल्या अवयवांनाही चालना मिळते, असे पंतांचे मत बनले.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. राज्य ते केवढे! सत्तरएक गावे, तीही सलग नव्हेत. पण हा राजा हौशी होता. स्वतः चित्रे काढी, चित्रकारांना पदरी ठेवी, कीर्तन करी. चित्ररामायण सिद्ध करून त्याने ते १९१६ मध्ये छापविले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बस्तान हलवावे लागले तेव्हा कुंडलजवळच्या माळावर त्यांना जागा दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्याची प्रेरणा आणि देणगी होती. आणि हे सगळे करताना रोज पहाटेचा नमस्कारांचा नेम चुकत नसे.

पंतांनी हा व्यायाम राजवाड्यात कोंडून ठेवला नाही. राणीसाहेब, मुले, मुली सगळ्यांना त्यात ओढले. संस्थानच्या शाळांत मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. बायकांनी व्यायाम करणे हे ज्या काळात घरच्या वडीलधाऱ्यांना रुचत नसे, त्या काळात राजाची राणी नमस्कार घालते हे दाखविणे धाडसाचेच होते. घराच्या ओसरीत, दार लावून, पैसा न खर्चता बाईमाणसालाही करता येईल असा हा व्यायाम, हा त्यांचा मोठा मुद्दा होता. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३० च्या दशकात ते विलायतेला गेले, तेव्हा साठी उलटून गेलेल्या या राजाची ताठ चण पाहून तिथल्या पत्रकारांना नवल वाटले. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे दहा अवस्थांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

अर्थात महाराष्ट्र काही नुसता मान डोलावणारा नाही. १९३३ मध्ये आचार्य अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले आणि नमस्काराच्या खुळावर प्रेक्षक पोट धरून हसले. टोपी कुठे बसते ते सगळ्यांना कळत होते. आणि खरे सांगायचे तर हसण्यासारखे काही होतेही. नमस्कार घालणाऱ्याला आजार शिवत नाही, जवळजवळ सगळ्या दुखण्यांवर हा एकच उपाय, असे पंतांचे दावे फार मोठे होते. हुकमाने करवून घेतलेला व्यायाम मुलांना किती गोड लागला असेल, हाही प्रश्नच. व्यायामाचा प्रचारक जेव्हा व्यायामाला सर्वरोगहारी ठरवतो, तेव्हा तो आपल्याच चांगल्या गोष्टीला कमीपणा आणतो.

पण या हट्टी माणसाची दुसरी बाजू पाहा. जो आपल्या प्रजेला पहाटे उठवून नमस्काराला लावी, त्यानेच १९३८ मध्ये आपल्या हातची सत्ता प्रजेला देऊन टाकण्याचे जाहीर केले. गांधीजींच्या सल्ल्याने, मुलगा आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ मध्ये औंधला ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना मिळाली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चे मूळ तिथले. ती कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, पंत गेले. आप्पासाहेबांनी पुढे परराष्ट्र सेवेत नाव कमावले, आणि १९७० मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले.

आता पुन्हा त्या व्यायामशाळेतल्या वादाकडे येऊ. पंतांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या शास्त्रज्ञाने हा प्रश्न प्रयोगाला लावला. एका गटाने फक्त वजने उचलली, दुसऱ्याने फक्त दमाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवडे. सातआठ आठवड्यांपर्यंत तिसऱ्या गटाची ताकद वजनवाल्यांसारखीच वाढली, मग अडखळली आणि शेवटी थोडी उतरली. दम मात्र कुठेच कमी पडला नाही. व्यायामशाळेत जे सांगतात त्यात तथ्याचा अंश आहे तो एवढाच. पण त्या गटाचा व्यायाम अतोनात होता. आठवड्याचे बहुतेक दिवस, दोन्ही प्रकार पुऱ्या जोराने. ज्याला स्पर्धेत विक्रमी वजन उचलायचे आहे त्याने त्याची चिंता करावी. तुम्हाआम्हाला घरातला गॅसचा सिलिंडर उचलायचा आहे आणि जिना धाप न लागता चढायचा आहे. आपल्याला दोन्ही एकत्र केल्याने तोटा नाही, फायदाच आहे.

नमस्कारांचीही परीक्षा झाली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७९ जणांनी आठवड्यातून सहा दिवस, रोज चोवीस आवर्तने, अशी चोवीस आठवडे घातली. त्यांची वजन ढकलण्याची ताकद वाढली आणि जोर-बैठकांसारख्या व्यायामातला टिकावही वाढला. म्हणजे पंतांचे अनुमान मुळात चुकीचे नव्हते. चुकले ते एवढेच, की त्यांनी एकालाच सर्वस्व मानले. नमस्कारात ढकलणे आहे, ओढणे नाही. पाठीला आणि दंडाच्या पुढच्या बाजूला वजन ओढण्याचे काम वेगळे द्यावे लागते. शिवाय शरीराचा भार तोच राहतो, त्यामुळे काही महिन्यांनी ताकदीची वाढ मंदावते. तेव्हा ठेवून दिलेले डंबेल्स पुन्हा काढायला हरकत नसावी.

मग तासाचे गणित कसे मांडावे? आधी पाचसात मिनिटे अंग मोकळे करावे. त्यासाठी सावकाश चार नमस्कार उत्तम. ताकद हवी असेल तर ताज्या दमाने आधी वजने घ्यावीत, वीसपंचवीस मिनिटे, आणि उरलेल्या वेळात भरभर चालणे, सायकल किंवा गती राखून नमस्कार. ज्याला शर्यत पळायची आहे त्याने क्रम उलटा करावा. ज्या दिवशी पायांना जड बैठका झाल्या, त्या दिवशी दूरवर धावू नये. रात्रपाळी करून आलेल्याने त्या सकाळी अंगाशी झटू नये. झोप हाही व्यायामाचाच भाग आहे. हृदयाचे, रक्तदाबाचे, कंबरेचे दुखणे असेल त्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हेच सांगते: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. त्यातून एक घ्या आणि एक सोडा, असे तिने म्हटलेले नाही.

औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावर पंतांनी १९३८ मध्ये उभारलेले भवानी चित्रसंग्रहालय अवश्य पाहा. तिथे रविवर्म्याची चित्रे आहेत, देशोदेशीच्या मूर्ती आहेत. राज्य गेले, गादी गेली, ते संग्रहालय उरले. आणि दुसरे उरले ते शाळाशाळांच्या पटांगणांवर, घराघरांच्या ओसरीवर. नमस्कार घालणाऱ्या मुलाला पंतांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण पुढच्या वेळी महाडच्या व्यायामशाळेत तो वाद निघाला, तर कुणीतरी सांगावे, की दहा वर्षे डंबेल्स उचलून मग नमस्कारांकडे वळलेला एक राजा इथून घाटापलीकडेच होऊन गेला. त्याला ताकद आणि दम यांत निवड करावीशी वाटली नाही. मुलांना घेऊन उद्या सकाळी बारा नमस्कार घालून पाहा. दहाव्याला धाप लागली आणि बाराव्याला दंड भरून आले, की या वादाचे उत्तर ज्याचे त्याला मिळेल.