लोखंडी नांगर आणि नवी वसाहत : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. शाळेच्या अभ्यासापेक्षा चित्रे काढण्यात व यंत्रांची मोडतोड करण्यात त्यांचे मन अधिक रमे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही, असे त्यांना आढळून आले. ते खचले नाहीत. रंग सोडून त्यांनी रेषा धरली आणि यांत्रिक रेखनात प्रावीण्य मिळवून व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा मिळाली, तेव्हा त्या मानी पुरुषाने नोकरीचा त्याग केला व बेळगावची वाट धरली.

बेळगावास ज्येष्ठ बंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यातूनच छोटा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले व त्यामागून लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरी. लोखंडी नांगर ती खोलवर उलथी. तरीही गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. केवळ उत्तम यंत्र घडविल्याने काम भागत नाही, ते वापरणाऱ्याचा विश्वासही संपादन करावा लागतो, हा धडा लक्ष्मणरावांना तेथे मिळाला. त्यांनी शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या, फाळ सुधारले, आणि हळूहळू नांगर शिवारात रुळला.

इतक्यात नवेच संकट कोसळले. नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करावी, असा नगरपालिकेचा हुकूम आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या वेळी हात दिला. आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगांनी भरलेला, पाण्याचे दुर्भिक्ष असलेला माळ! १९१० साली मूठभर सहकाऱ्यांसह लक्ष्मणराव तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडी वसली.

त्यांच्या थोरवीचे खरे दर्शन येथे घडते. कारखाना उभारताना त्यांनी गावही घडविले. घरे, शाळा, पाणी, स्वच्छता यांची व्यवस्था केली. ज्या काळात गावोगाव अस्पृश्यता पाळली जात होती, त्या काळात त्यांनी तिला या वसाहतीत थारा दिला नाही. चोरी-दरोड्यांबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांवरच रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविली, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर करण्यात आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव कालवश झाले. त्यांच्या चरित्राचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यंत्र आपण होऊन जातिभेद मोडीत नाही, अथवा मजुराला माणुसकीने वागवीत नाही. एका सत्तेच्या हुकुमाने हाच कारखाना उठला, दुसऱ्या सत्तेच्या आश्रयाने तो वसला. आणि वाडीतील समता टिकली ती तिच्या चालकाच्या इच्छाशक्तीवर. एका सज्जनाच्या इच्छेने जे घडले, ते सर्वांचा हक्क म्हणून सर्वत्र घडावे, यासाठी कायदा व जागरूक नागरिक हवेत. लक्ष्मणरावांनी माळावर नांगराचा कारखाना काढला. मनाची मशागत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. ज्या बेळगावात त्यांच्या उद्योगाचे बीज रुजले, तेथील आपण विद्यार्थ्यांनी तरी हे विसरता कामा नये.